एरविकुलम आणि आमचा सडा

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. विशेष कारण नाही, नेहमीचाच आळस. पण गेल्या रविवारी गावाहून चुलतभावाचा फोन आला आणि तेव्हापासून एक जुनी सहल डोक्यात घोळते आहे.

फोन साधाच होता. सड्यावरचा आपला उरलेला तुकडा घ्यायला एक पार्टी तयार आहे, सगळ्या वारसांच्या सह्या लागतील, तुझा कागद कुरिअरने पाठवतो, सही करून परत पाठव. "तू यायला नको, उगाच दगदग कशाला," असंही म्हणाला. काळजीनेच म्हणाला बिचारा. मी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि का कोण जाणे, कपाटातून जुना अल्बम काढून बसले.

त्यात २००६ सालचा एक फोटो आहे. रिळाच्या कॅमेऱ्यातला, त्यामुळे आता जरा पिवळट पडलेला. डांबरी रस्त्याच्या कडेला एक तपकिरी, जाडजूड, मागे वळलेल्या शिंगांचा प्राणी उभा आहे आणि त्याच्यापासून चार हातांवर माझ्या सासूबाई. दोघंही एकमेकांकडे सारख्याच संशयाने बघतायत.

पितृपक्षात टूर स्वस्त मिळते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना आम्ही सप्टेंबरात केरळला का गेलो होतो हे सांगायला नको. मुन्नारला त्या वर्षी नीलकुरिंजी फुलली होती. ही आपल्या कारवीची चुलत बहीण. आपली कारवी सात-आठ वर्षांनी फुलते, ही बारा वर्षांनी. फुलली की बी टाकते आणि मरून जाते. १९९४ ला फुलली, २००६ ला फुलली, २०१८ ला फुलली, आता थेट २०३०. तिकडचे पळियन लोक पूर्वी आपलं वय या फुलोऱ्यांवर मोजत, असं सांगतात. या हिशेबाने मी तेव्हा जेमतेम तीन वर्षांची होते म्हणायची!

तर त्या फुलांसाठी आम्ही मुन्नारजवळच्या राजमला नावाच्या ठिकाणी गेलो. गर्दी ही अशी. डोंगरउतारावर निळा-जांभळा रंग सांडलेला, त्यावरून ढग सरकतायत आणि रस्त्याच्या कडेला हा प्राणी निवांत चरतोय. माणसांची फिकीर नाही. नीलगिरी ताहर, टूर मॅनेजरने सांगितलं. तमिळ लोक त्याला वरैयाडू म्हणतात, म्हणजे कड्यावरची शेळी. सासूबाईंनी त्याला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "एवढे पैसे खर्चून शेळ्याच बघायच्या होत्या, तर आपल्या गावाला काय कमी होत्या?"

सगळे हसले. मीही हसले. पण मला एक प्रश्न पडला होता. हा रानातला प्राणी माणसाला घाबरत कसा नाही?

तिथे वनखात्याचा एक म्हातारासा रखवालदार उभा होता. टूर मॅनेजर तमिळ बोलणारा, त्याच्यामार्फत विचारलं. रखवालदार मुदुवन जमातीचा होता. म्हणाला, पूर्वी चहामळ्याचे लोक यांना मीठ घालायचे, तेव्हापासून माणसाची सवय झालीय. मग आपणहून म्हणाला, "माझे आजोबा गोऱ्या साहेबांचे राखणदार होते. शिकारीच्या वेळी साहेबांना वाट दाखवायचे. वडील कंपनीचे राखणदार होते. मी सरकारचा आहे."

शिकारीच्या वेळी? मी पुन्हा विचारलं. हो, म्हणाला, हे सगळं रान साहेबांच्या शिकारीसाठीच तर राखलेलं होतं.

तेवढ्यात आमची शिट्टी वाजली आणि परत निघावं लागलं. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. घरी आल्यावर मिळेल तिथून वाचत गेले आणि इतक्या वर्षांत जे हाती लागलं ते आज एकदा सगळं लिहून काढते.

पहिली गोष्ट म्हणजे, आम्ही एरविकुलम पाहिलंच नव्हतं. राजमला ही नुसती त्याची पडवी. खरं एरविकुलमचं पठार त्याच्या मागे, सुमारे दोन हजार मीटर उंचीवर, आणि तिथे प्रवाशांना सोडत नाहीत. गवताची लाटांसारखी माळरानं आणि त्यांच्या घळींमध्ये दाटीने उगवलेली बुटकी, शेवाळलेली, सदाहरित झाडं. या झाडीला तिकडे शोला म्हणतात. एका कडेला आनमुडी, म्हणजे हत्तीचं डोकं, उंची २६९५ मीटर. हिमालयाच्या दक्षिणेला याहून उंच शिखर नाही. आपल्या कळसूबाईच्या डोक्यावर आणखी हजार मीटर चढवा, म्हणजे आनमुडी. आणि हा सगळा आपला सह्याद्रीच बरं का. आपण मराठी माणसं सह्याद्री म्हटलं की आंबोलीपाशी थांबतो. तो मात्र पालघाटची खिंड ओलांडून पुढे जातो आणि सगळ्यांत उंच तिथेच होतो.

या शिखरावर नोंद असलेली पहिली चढाई ४ मे १८६२ ची. मद्रास सैन्यातला डग्लस हॅमिल्टन नावाचा अधिकारी. हा शिकारीही होता आणि चित्रंही काढायचा. 'नोंद असलेली पहिली' असं म्हणायचं, कारण मुदुवन त्याच्या आधी कितीदा तिथे गेले असतील कोण जाणे. त्यांनी नोंद केली नाही, एवढंच. मदुरा सोडून डोंगरात आलो ते मुलंबाळं पाठीवर घेऊन, अशी त्यांची स्वतःबद्दलची कथा आहे. मुदुकु म्हणजे पाठ, त्यावरून मुदुवन.

मग आला जॉन डॅनियल मन्रो. त्रावणकोर सरकारच्या वेलदोड्याच्या डोंगरांचा तो अधिकारी. फिरता फिरता त्याला हा मुलूख दिसला आणि लागवडीला उत्तम वाटला. १८७७ साली त्याने पूंजारच्या राजाकडून कण्णन देवन डोंगर लिहून घेतले. सुमारे २२७ चौरस मैल. आजच्या मुंबईपेक्षा किंचित कमी. सुरुवातीला पाच हजार रुपये आणि मग वर्षाला तीन हजार.

या व्यवहाराशी मी बराच वेळ अडखळले. देणारा पूंजारला, घेणारा साहेब, आणि ज्यांच्या पायाखाली ती जमीन होती त्यांचं कागदावर नावही नाही. कागदाचं असंच असतं, हे मला तेव्हा इतकं नव्याने का वाटलं कोणास ठाऊक. मी स्वतः तोवर असाच एक कागद सही करून दिला होता. पण त्याबद्दल पुढे.

मन्रोनंतर मळेवाले आले. कॉफी लावून पाहिली, सिंकोना लावून पाहिला, शेवटी चहा जमला. पहिला चहा १८८० साली शार्प नावाच्या मळेवाल्याने लावला असं सांगतात. १८९७ मध्ये कण्णन देवन हिल्स प्रोड्यूस कंपनी उभी राहिली आणि मग चहा डोंगरावर चढतच गेला. चहा वाहायला छोटी रेल्वेसुद्धा होती. १९२४ च्या महापुरात ती वाहून गेली, पुन्हा कधी बांधली नाही. चहाची पानं वाळवायला सरपण लागतं, म्हणून निलगिरीची झाडं लावली. मुन्नारला जाऊन आपण ज्या हिरव्यागार मखमलीचे फोटो काढतो ना, ती सगळी कधीकाळी शोला आणि गवताळ रानं होती. चहा पिताना हे आठवून काही उपयोग नाही, पण खरं आहे.

मग एरविकुलम कसं वाचलं?

एक म्हणजे ते उंच. वारा, थंडी, हिवाळ्यात गवतावर दंव. चहाला तितकंसं मानवणारं नाही. आणि दुसरं, रखवालदाराने सांगितलं तेच. मळेवाल्यांना सुट्टीच्या दिवशी बंदूक घेऊन हिंडायला एक रान हवं होतं. त्यांनी हे ठेवलं. शिकारीच्या रक्षणासाठी त्यांची स्वतःची संस्था होती, हाय रेंज गेम प्रिझर्वेशन असोसिएशन. पठारावर मुक्कामाला झोपडी, ओढ्यात गळ टाकायला परदेशातून आणून सोडलेला ट्राउट मासा, आणि ताहरचे म्हातारे नर. वय झालं की नराच्या पाठीवर रुपेरी पट्टा येतो, खोगीर घातल्यासारखा. साहेब लोक त्याला सॅडलबॅक म्हणत आणि त्याचं डोकं दिवाणखान्यात असणं म्हणजे मोठेपणा.

किती मारायचं आणि कोणी मारायचं, हे संस्था ठरवत होती. प्राण्यांवरच्या प्रेमापोटी नव्हे, पुढच्या वर्षीही मारायला मिळावेत म्हणून. चोरट्या शिकाऱ्यांवर नजर ठेवायला मुदुवन राखणदार नेमले. नवं कोवळं गवत यावं म्हणून हे राखणदार कोरड्या दिवसांत थोडं थोडं गवत जाळत, म्हणजे एकदम मोठा वणवा भडकायचीही भीती राहत नसे. दऱ्यांतल्या वाटा, कळप, वाघाच्या जागा, सगळं त्यांना पाठ. साहेबाने पगार दिला आणि चालले ते.

हे वाचल्यावर मला प्रथम रागच आला होता. म्हणजे काय, बाकीचा डोंगर कापून खायचा आणि एक कोपरा खेळायला ठेवायचा, आणि वर त्यालाच संरक्षण म्हणायचं? अजूनही तो राग पुरता गेलेला नाही. पण पुढे जे घडलं ते वाचल्यावर तो पहिल्याइतका सोपा राहिला नाही.

१९६९ साली जॉर्ज शॅलर तिथे आला. कान्हाच्या वाघांवर काम केलेला हाच तो अमेरिकन शास्त्रज्ञ. त्याने ताहर नीट मोजले, त्यांचं वागणं टिपलं, आणि तो निबंध छापला कुठे, तर आपल्या मुंबईत! बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात. कुन्नूरचे वकील ई. आर. सी. डेव्हिडार हे आधी शिकारी, मग बंदूक टाकून कॅमेरा घेतलेले. त्यांनी १९७५ पासून ताहरचा एकेक डोंगर पालथा घातला आणि सगळे मिळून सव्वादोन हजारांच्या आसपास असा अंदाज बांधला. तोही याच नियतकालिकात. जगात दुसरीकडे कुठे नसलेला हा प्राणी, आणि सगळ्यांत मोठ्या संख्येने उरला होता तो शिकाऱ्यांच्या राखीव रानात.

या दोघांच्या मधल्या काळात, १९७१ साली, केरळ सरकारने कायदा करून कण्णन देवनची जमीन परत घेतली. कंपनी कोर्टात गेली, पण सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये कायदा उचलून धरला. चहाखालची जमीन कंपनीकडे राहिली, पडीक जमीन सरकारकडे आली. ती कसायला द्यायची, भूमिहीनांना वाटायची, हा कायद्याचा हेतू. हेतू चांगलाच होता की! कागदावर एरविकुलम म्हणजे पडीक. गवत आणि खडक. वाटून टाकलं असतं तर कोणाला चूक वाटलं असतं?

तेव्हा पुढे आली ती तीच शिकाऱ्यांची संस्था. हे पठार वाटू नका, ताहरसाठी राखा, असं तिने सरकारला पटवलं. आणि पटवता आलं, कारण त्यांना माहीत होतं. कुठल्या कड्यावर किती कळप, माद्या कुठे वितात, हे त्यांच्याजवळ होतं. ते पिढ्यान्‌पिढ्या तिथे जात होते, आणि जिथे जात नव्हते तिथे मुदुवन जात होते. १९७५ ला अभयारण्य झालं, १९७८ ला राष्ट्रीय उद्यान. ९७ चौरस किलोमीटर. शिकार बंद. संस्थेने नावातली शिकार काढून वन्यजीव घातलं आणि वनखात्याला मदत करत राहिली.

माझ्या मते एरविकुलमच्या सगळ्या इतिहासातली ही कळीची जागा आहे. सरकार वाईट नव्हतं, मळेवाले साधू नव्हते. पण निर्णयाच्या दिवशी त्या पठारावर प्रत्यक्ष चाललेला, पडीक म्हणजे काय काय असतं हे सांगू शकणारा कोणीतरी हजर होता. एवढ्याने काम झालं.

आणि राखल्यावर त्या 'पडीक' जमिनीतून काय काय निघत गेलं बघा. १९७९ ते ८१ क्लिफर्ड राईस नावाचा संशोधक तिथे राहिला, कळपांच्या मागे इतका हिंडला की ताहरांनी त्याची दखल घेणंच सोडून दिलं. २००५ मध्ये जनुकं तपासल्यावर कळलं की हा ताहर हिमालयातल्या ताहरचा भाऊ नाहीच. दिसतो शेळीसारखा, पण जवळचं नातं मेंढ्यांशी. त्याला स्वतःचं वेगळं कुळ दिलं, निलगिरीट्रॅगस. (सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग मेंढ्या बघायला गेलो होतो म्हण.") २०१० मध्ये आनमुडीच्या परिसरातून एक नवा बेडूक शास्त्राला माहीत झाला. नारिंगी-तांबडा, अंगावर गाठीगाठी, आणि अंड्यातून पिल्लू निघतं ते थेट बेडूकच, मधे पाण्यातला शेपटीवाला अवतार नाही. म्हणजे हॅमिल्टन जाऊन आल्यावर जवळजवळ दीडशे वर्षांनी. तोपर्यंत पठार वाटून झालं असतं, तर तो होता हेही कळलं नसतं.

२०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारसा म्हणून घेतल्या. त्या यादीत एरविकुलम आहे आणि आपलं साताऱ्याचं कासही आहे. एकाच यादीत, एकाच डोंगररांगेची दोन टोकं. मला उगाचच आपल्या दोन नातेवाइकांची पत्रिकेत नावं वाचल्यासारखं वाटलं होतं.

२०१८ ला पुन्हा जायचं पक्कं ठरवलं होतं. तिकिटं काढली आणि ऑगस्टात केरळात तो भयंकर पूर आला. कोचीचा विमानतळ बंद, मुन्नारच्या वाटा दरडींखाली. लोकांच्या घरांचं काय झालं ते टीव्हीवर बघताना फुलांचं नाव काढायचीही लाज वाटली. तिकडची म्हातारी माणसं त्या पुराची तुलना १९२४ च्या पुराशी करत होती, त्या रेल्वेच्या पुराशी. तर ते राहिलंच. पण बातम्या वाचत असते. दर वर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला ताहरच्या विणीसाठी राजमला प्रवाशांना बंद ठेवतात, ही मला फार आवडलेली पद्धत. बाळंतिणीच्या खोलीचं दार लोटून घ्यावं तशी. आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये केरळ आणि तमिळनाडूने एकाच वेळी मोजणी केली. दोन्ही मिळून २६६८ ताहर. त्यातले ८४१ एकट्या एरविकुलममध्ये.

आता आमच्या सड्याबद्दल.

आमचं गाव पाटणच्या वरच्या अंगाला. गावाच्या डोक्यावर सडा, म्हणजे कातळाचं सपाट पठार. पावसाळ्यात फुलतं, उन्हाळ्यात तापतं. मी सड्यावर आयुष्यात एकदाच गेले, नऊ वर्षांची असताना. नानाआजोबांबरोबर, म्हणजे वडिलांच्या चुलत्यांबरोबर. मुलींना वर नेत नसत. मी रडून रडून गेले. नानाआजोबा शिकारी होते. ठासणीची बंदूक होती त्यांच्याकडे. भेकर, ससा, क्वचित रानडुक्कर. सड्याच्या मधोमध कातळात एक तळं होतं, मार्चपर्यंत पाणी धरणारं. तिथे ओल्या मातीत उमटलेले खूर दाखवून ते म्हणाले होते, "हे भेकर. मादी. गाभण आहे, खूर बघ कसे खोल गेलेत. हिला मारायचं नाही. आणि पाणवठ्यावर तर कुणालाच मारायचं नाही." वरच्या वाडीतल्या धनगराशी त्यांची याच विषयावर तासभर बोलणी चालली होती. कुठलं जनावर कुठे दिसलं, किती पिल्लं. मी कंटाळून झोपून गेले.

नानाआजोबा गेले. १९९० च्या दशकाच्या शेवटी साताऱ्याच्या पठारांवर पवनचक्क्या यायला लागल्या. आमच्याही सड्यासाठी माणूस आला. सातबाऱ्यावर आजोबांच्या मागे वारस लागले होते, त्यात आम्ही बहिणीही. पुण्याला घरी कागद आले. "पडीक आहे गं, काही पिकत नाही," वडील म्हणाले. ते खरंच होतं, काही पिकत नव्हतं. मी जेवणाच्या टेबलावर सही केली. आमटीचा डाग पडू नये म्हणून कागदाखाली वर्तमानपत्र घेतलेलं आठवतं.

मुन्नारहून आल्यावर पुढच्या वर्षी मी सड्यावर गेले. वरपर्यंत रस्ता झाला होता. चक्क्या फिरत होत्या आणि खरं सांगायचं तर दिसायला वाईट दिसत नव्हत्या. वीज काही वाईट गोष्ट नाही, मीही पंख्याखाली बसूनच हे लिहितेय. पण तळं सापडेना. बराच वेळ हिंडले. शेवटी वरच्या वाडीतल्या एका बाईने दाखवलं. रस्ता करताना मुरूम टाकून ते बुजवलं होतं. कुणी मुद्दाम नव्हे, रस्ता तिथून जात होता म्हणून. "पाण्याला आता खाली उतरावं लागतं," ती म्हणाली, "जनावरांनाही आणि आम्हालाही."

तिला कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर रस्ता वीस हात बाजूने नेता आला असता. पण तिची सही लागत नव्हती. माझी लागत होती, आणि मला तळं माहीत होतं! नऊ वर्षांची असताना बघितलेलं, मी विसरून गेलेलं तळं. एरविकुलमच्या मळेवाल्यांना मी नावं ठेवली खरी, पण निदान ते बघून बोलले. मी न बघता सही केली.

हे वाचून काकांना वाईट वाटेल, म्हणून मुद्दाम लिहिते. काका, मी कोणाला दोष देत नाही. पैशांची गरज होती, आजीचं आजारपण होतं, सगळं मला माहीत आहे. आणि आत्ताही दादाला गरज आहे, मुलीची फी आहे, तेही माहीत आहे. उरलेला तुकडा म्हणजे काही एरविकुलम नाही. त्याला कोणी राष्ट्रीय उद्यान करणार नाही. कदाचित विकणंच योग्य असेल.

पण कागद काल आलाय आणि मी अजून सही केलेली नाही. दादाला फोन करून सांगितलं की मी येतेय, आधी सडा चढून बघते, मग ठरवू. तो क्षणभर गप्प झाला आणि मग म्हणाला, "ताई, खरं सांगू, मीही दहा वर्षांत वर गेलेलो नाही. उरलेल्या तुकड्यात नक्की काय आहे, मलाही माहीत नाही."

तर दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही दोघं वर जातोय. वरच्या वाडीतल्या त्या बाईंनाही बरोबर येण्याबद्दल विचारणार आहे. ज्यांच्या सह्या लागणार आहेत त्या सगळ्यांनी, म्हणजे आत्या, काका, नागपूरची मंडळी, शक्य असेल तर यावं. पायात बूट घाला, गवतात कुसळं फार असतात. डबे मी आणते.